कमलच्या वहीतलं पिक अपचं पान

माझ्या मुलीनं तिच्या आईचे शेवटचे शब्द छापायला टाकले आहेत. ते शब्द तिच्या आईचे नाहीत. माझे आहेत.

येत्या रविवारी कमलला, माझ्या बायकोला, जाऊन वर्ष होतं. विहारात वंदना, मग वस्तीतल्या सगळ्यांना जेवण. वैशू, म्हणजे माझी मुलगी, वर्ध्याला शाळेत शिकवते. तिनं फोनवर सांगितलं की आईच्या फोटोचं कार्ड वाटायचं, अन् फोटोखाली आईचं शेवटचं वाक्य टाकायचं. ‘वैशूले म्हणा, जिवाले जप.’ मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मीच तिला सांगितलं होतं की जाण्याआधी आईचा मला फोन आला अन् आई असं म्हणाली. फोन आला होता, हे खरं. मी उचलला नव्हता.

हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट दाबून ठेवायची अन् शेवटी काढायची, हे मला जमत नाही. मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं शाळेच्या लेकरांचा ऑटो चालवला. बसवलं की सरळ रस्त्यानं न्यायचं अन् दारात सोडायचं, एवढंच येतं.

मायलेकीत तेव्हा दोन महिने अबोला होता. कशावरून होता, ते आता चघळण्यात अर्थ नाही. कमल गेली त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर वैशू भिंतीला टेकून उभी होती. "बाबा, आई काही बोलली का? माझ्यासाठी?" असं तिनं विचारलं, अन् माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. ठरवून नाही. ऑटोसमोर कुत्रं आलं की हात आपोआप वळतो, तसं. ती रडली, मग शांत झाली. मला वाटलं, बरं केलं. वर्षभर तसंच वाटत होतं. मग ही वही आली.

मागच्या रविवारी निकिता वही घेऊन दारात उभी. आमच्याच वस्तीतली पोरगी, मिहानमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. रविवारी दुपारी विहाराच्या हॉलमध्ये बायांना फुकट इंग्रजी शिकवते. कमल दोन वर्षं जात होती. पांढरी साडी, काखेत वही, डोक्यावर पदर, उन्हातून तरातरा.

"काका, ही मावशीची," निकिता म्हणाली. "तपासायला घेतली होती. नंतर द्यायची हिंमतच नाई झाली."

"चहा घेतं का?"

"नको काका."

नको म्हणाली अन् बसली. दोन कप पिऊन गेली.

शंभर पानी वही. पुठ्ठ्यावर अंगठ्याचा पिवळा डाग. उघडल्यावर संत्र्याचा वास आला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण आला नाही. कागदाचा आला, अन् निकिताच्या कपाटातल्या डांबरगोळीचा. कमलला इंग्रजी अक्षरं नीट येत नव्हती, म्हणून सगळं इंग्रजी मराठी अक्षरांत लिहिलेलं. एका पानावर मोठ्या अक्षरांत ‘पिक अप’ लिहून खाली दोन रेघा. निकिता मॅडमनं त्या दिवशी सांगितलं असावं की हा एवढासा शब्द, पण इंग्रज लोक त्याच्यावर दहा कामं काढतात. प्रत्येक कामाचं एक वाक्य आपल्या घरातलं लिहून आणा.

पहिलं होतं ‘उचलणे’. वाक्य, ‘आय पिक अप ऑरेंज.’

पंचवीस वर्षं तिनं तेच केलं. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे ढेर लागतात. ढेराभोवती बाया बसतात, मोठा संत्रा इकडे, मधला तिकडे, सडका मागे. आंबिया बहाराच्या दिवसांत, थंडीत, सकाळी धुकं इतकं, की ढेर दिसायचे, बाया दिसायच्या नाहीत. नुसत्या बांगड्या वाजायच्या. लिलाव करणाऱ्याचा आवाज धुक्यातून यायचा अन् माणूस मागाहून. फळांखाली अंथरलेल्या ओल्या तणसाचा वास, ट्रकच्या धुराचा वास, अन् त्या सगळ्यावर सालीच्या तेलाचा. तो वास नाकातून उतरत नाही, डोळ्यांत चढतो. कमल फळ डोळ्यांनी पाहतच नव्हती. हातात घेतलं की कळायचं. "हा पोकळ," म्हणायची अन् मागे टाकायची. मी एकदा तिनं टाकलेला सोलून पाहिला. आत नुसती हवा अन् सुकलेल्या फोडी.

थंडीत तिच्या बोटांना भेगा पडायच्या. भेगेत संत्र्याचा रस गेला की ती दातांतून श्वास ओढायची, स्स् करून. घरी आल्यावर मी वाटीत खोबऱ्याचं तेल गरम करून द्यायचो. लावून द्यायचो नाही. द्यायला पाहिजे होतं. वाटी पुढे सरकवायचो अन् रेडिओ लावायचो.

दुसरं, ‘घ्यायला येणे’. ‘माय हजबंड पिक्स मी अप.’

हे वाचून हसू आलं. हा शब्द तर तिच्या आधी माझा होता. लेकरांच्या आया मला रोज विचारायच्या, "भैया, पिकअप कितने बजे?" अन् मी ऐटीत सांगायचो, "पिकअप सव्वा सात, ड्रॉप डेढ बजे." सकाळी ऑटोत पावडरचा वास, डब्यातल्या लोणच्याचा वास, पेन्सिलीच्या सालीचा. दुपारी नुसता मोज्यांचा. लेकरं उतरली की मागची सीट झटकायची, दोन खोडरबर अन् एखादं बटन सापडायचं, अन् मग गाडी कळमन्याकडे. चार वाजता कमल गेटजवळ उभी असायची. ओटीत दोन-चार दबकी फळं, पायांवर तणसाचे तुकडे.

मोबाईल आला तेव्हा एका घरात दोन मोबाईल ही श्रीमंती होती. बॅलन्स जपायचा म्हणून आम्ही ठरवलं. तिनं एक मिस कॉल मारला की काम सुटलं, या. मारून लगेच कापून परत मारला की आज उशीर, येऊ नका. फोन उचलायचा नाही. उचलला की पैसे जायचे अन् तिच्या शिव्या खाव्या लागायच्या. पुढे महिन्याचं एकच रिचार्ज आलं, कितीही बोला. पण आमची रीत काही सुटली नाही. वैशू हसायची. "अरे बाबा, आता फुकट हाय, बोलत जा ना!"

"बोलाचं का हाय? आलो म्हणजे बोलनच," असं मी म्हणायचो.

अन् कमल म्हणायची, "याइचा आवाज फोनवर आयकला तं मले वाटन कोणी मेलं."

अशी ती. लग्न झालं तेव्हा तिला गोंदियाकडचं झाडीचं बोलणं येत होतं, दुसरं काही नाही. बाजारात बसून बसून हिंदी आली, बालाघाटच्या हमालांची बोली आली, पंजाबी ट्रकवाल्यांना उलटं बोलायला आलं. वहीत तेही आहे. शाळेशिवाय आपोआप येणं, यालाही पिक अपच म्हणतात म्हणे. तिचं वाक्य, ‘आय पिक अप हिंदी इन कळमना. नो फी.’ इंग्रजी शिकायला निघाली तेव्हा मी टोमणा मारला होता.

"आता संत्र्याइले इंग्रजीत बोलावतं का वं?"

"तुमाले बोलावीन. मराठीत तं तुमी आयकत नाही."

ऑटोच्या पिकअपवरही तिनं एक वाक्य लिहिलं आहे, ते मी इथे देत नाही. माझ्या गाडीची बदनामी आहे. पुलाच्या चढावर भरलेली गाडी दम टाकायची, तेव्हा ती उतरून पायी चालायची अन् वर जाऊन, कमरेवर हात ठेवून वाट पाहायची. लोक बघायचे. तिला लोकांचं काही नव्हतं.

एक ओळ आजारातून उठण्याची, तोही याच शब्दाचा अर्थ. मला कावीळ झाली होती, वैशू तेव्हा पाचवीत असेल. तीन आठवडे मी खाटेवर. घरात उसाच्या रसाचा वास, ओल्या फडक्याचा वास. कमल बाजारातून आली की दारातूनच माझे डोळे बघायची. आधी डोळे, मग चपला काढायच्या. एक दिवस पाहून म्हणाली, "आज पांढरे हायेत." तेवढंच म्हणाली अन् आत जाऊन खूप वेळ भांडी घासत बसली. वहीत लिहिलं आहे, ‘ही वॉज येल्लो. ही पिक अप.’ बरोबर आहे का चूक, मला कळत नाही. माझ्यासाठी बरोबर आहे.

मग पानाच्या खालच्या टोकाला फोनचा अर्थ. तिथे दोन वाक्यं आहेत.

‘माय हजबंड डज नॉट पिक अप. ही कम्स.’

‘माय डॉटर डज नॉट पिक अप. आय कॉल अगेन.’

इंग्रजी मला येत नाही. पण एवढं येतं. चाळीस वर्षं कॉन्व्हेंटची लेकरं मागे बसून बोलायची, कानावर पडून पडून आलं. मी दोन्ही वाक्यं तीनदा वाचली. वही मिटली. बाहेर जाऊन ऑटोच्या सीटवर बसलो. ऑटो आता चालवत नाही, दारात उभा असतो, पण बसायला बरा आहे.

कमल वैशूला पुन्हा पुन्हा फोन करत होती, हे मला माहीत नव्हतं. ती मला काही बोलली नाही. अन् माझ्याबद्दल तिनं जे लिहिलं, त्याच्यावर तिचा केवढा भरवसा. उचलत नाही, येतो. फळ हातात घेऊन सांगावं तसं सांगितलं आहे.

त्या दिवशी मी शाळेची लेकरं सोडून घरासमोर गाडी धूत होतो. पावणेतीन वाजले असतील. फोन वाजला, कमलचं नाव. मी हात पुसले नाहीत. एका रिंगमध्ये बंद होईल म्हणून थांबलो. बंद झाला नाही. वाजतच राहिला. मी मनात म्हटलं, हिचं बोट बटनावर अडकलं का? आज लवकर कशी सुटली? पूर्ण वाजून थांबला. मी बादली पालथी केली, गाडी सुरू केली. अर्ध्या रस्त्यात पुन्हा वाजला. हँडलजवळच्या डब्यात फोन नाचत होता. मी म्हणालो, मोठ्यानं म्हणालो, "येऊन राहिलो ना बाई, कायले जीव खाऊन राहिली." अन् चालवत राहिलो.

गेलो तेव्हा ती गेटजवळ नव्हती. आत, ढेराजवळ, प्लॅस्टिकच्या क्रेटला टेकवून बसवली होती. बाया भोवती उभ्या. कोणी पदरानं वारा घालत होती. एक म्हणाली, "भाऊ, तुमालेच फोन करत होती. अॅम्बुलन्स नको म्हणे, हे येतीन." नवरा येतो म्हणून ती बसून राहिली.

मी तिला उचललं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, इतक्या वर्षांत कधी उचललं नव्हतं. आमच्यात कोण असं उचलतं? कुठे धरावं ते कळेना. ऑटोत मागच्या सीटवर आडवी ठेवली, एका बाईनं डोकं मांडीवर घेतलं. पुढचं लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख गार झाल्यावर आम्ही अस्थी वेचल्या. मी, माझा साळा, वैशू. सकाळचं कोवळं ऊन होतं, कुठूनतरी भजे तळल्याचा वास येत होता, अन् आम्ही वाकून वाकून वेचत होतो. बारीक, पांढरं, हलकं. पिक अपचा हा वेचण्याचा अर्थ निकिता मॅडमनं बायांना सांगितला नसेल. सांगायचं कामच नाही, सगळ्यांना येतो. विहाराच्या मागे खड्डा करून त्यात ठेवल्या अन् वरून कडुनिंब लावला.

हे सगळं घेऊन मी आठवडाभर बसलो. दोन गोष्टी समोर होत्या. एक, कार्ड छापून येऊ द्यायचं, पोरीला मिळालेलं समाधान तिच्याजवळ राहू द्यायचं, अन् माझं पाप माझ्याजवळ. वही ट्रंकेत. दुसरी, सांगायचं. पण कमलनं स्वतःच्या हातानं पोरीसाठी एक वाक्य लिहून ठेवलेलं. ते ट्रंकेत टाकायचं अन् माझं खोटं वाक्य दोनशे लोकांच्या हातात द्यायचं, हे मला कुठल्याच बाजूनं पटेना.

इथवर आधी लिहिलं होतं, पुढचं रविवार झाल्यावर लिहितो आहे. वैशू शनिवारी सकाळी आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली, मोबाईल माझ्यासमोर धरला. कार्ड होतं. फोटोतली कमल कॅमेऱ्यावर चिडलेली, नेहमीसारखी.

"पाहा ना बाबा. अक्षर मोठं पाहिजे का?"

"खालची ओळ काढ."

"काहून?"

"ती तुया आईची नाही."

"म्हणजे?"

"मी फोन उचललाच नव्हता, वैशू. मिस कॉल समजलो. ते मी बनवलं."

ती आधी हसली. मस्करी समजली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं अन् मोबाईल पालथा ठेवला.

"वर्षभर?"

"हाव."

"माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलं हाय मी ते. शाळेत. पोरी विचारतात, मॅडम, हे कोणं म्हटलं? मी सांगते, माझ्या आईनं." तिचा आवाज चढला. "अन् इथं तुमी बसून राहिले. मजेत."

"मजेत नाही."

"मग सांगाले एक वर्ष काहून लागलं?"

ती आत गेली अन् घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. तिच्या आईचीच सवय. मी दारात उभा राहिलो. पाठमोरी असतानाच ती म्हणाली, "म्हणजे आई माझ्यावर रागावूनच गेली."

"मले माहीत नाही."

"नाही म्हणा ना, बाबा."

"माहीत नाही मले. आता खोटं नाही सांगत."

मी वही आणली, ते पान उघडून ओट्यावर ठेवली. हात ओले होते म्हणून तिनं वहीला हात लावला नाही, वाकून वाचलं. पहिल्या ओळीपासून. ऑटोच्या वाक्याला नाकातून हवा सोडली, हसल्यासारखी. खाली गेली. खालच्या दोन ओळींवर थांबली. शाळेत वह्या तपासताना वाचते तशी ओठ हलवत वाचत होती.

नळ चालूच होता. मी बंद केला.

"रोज फोन करे ते," वैशू म्हणाली. "दुपारच्या सुट्टीत. मी टेबलावर ठेवून पाहत राहू, नाव चमकत राहे. सोबतच्या मॅडम म्हणत, उचल ना. मी म्हणे, आईच हाय, करन उद्या." मग ती खाली बसली, ओट्याला पाठ लावून, फरशीवर. "त्या दिवशी बी आला होता, बाबा. मले बी. अडीच वाजता."

हे तिनंही वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं.

मी तिच्याजवळ खाली बसलो. गुडघे वाजले. माझ्या तोंडावर आलं होतं की मी निदान गेलो तरी. ते गिळलं. मी गेलो अन् काय केलं? माफी वगैरे कोणी मागितली नाही, आमच्यात तसं बोलत नाहीत. मग ती म्हणाली, "भूक लागली," अन् उठली.

जेवून तिनं छापखान्यात फोन लावला. "दादा, ते खालची ओळ काढून टाका. नाही, दुसरं काही नाही टाकाचं. नाव तेवढं राहू द्या." समोरचा काहीतरी म्हणत असावा की जागा रिकामी दिसेल. "दिसू द्या," वैशू म्हणाली.

रविवारी सगळं नीट झालं. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. कळमन्याच्या बाया आल्या होत्या, हाताला तोच वास घेऊन. संध्याकाळी वैशूला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, "जा आता तुमी, अंधार होईन." मी घरी आलो. दुपारचं वरण उरलं होतं, ते गरम करायला ठेवलं अन् फोन वाजला. वैशूचं नाव.

एक रिंग झाली. माझा हात जागेवरच होता, सवयीनं. दुसरी झाली. मी उचलला.

"हं. काय झालं?"

"काही नाही. बुटीबोरी आली."

"बरं."

बसचा आवाज येत होता, कोणाचं तरी लेकरू रडत होतं. मला वाटलं आता ठेवेल. ठेवला नाही.

"बाबा, आईनं ऑटोबद्दल लिहिलं ते खरं हाय का? पुलावर ते खरंच पायी चाले?"

"चाले. अन् माझ्या आधी पोचे."

"सांगा ना नीट."

मी सांगायला लागलो. मला फोनवर बोलता येत नाही, मी मोठ्यानं बोलतो, शेजारची बाई डोकावून गेली. पुलाचं सांगितलं, धुक्याचं सांगितलं, पोकळ फळाचं सांगितलं. ती मधे मधे "मग?" म्हणत होती. बस सेलूच्याही पुढे गेली. स्वयंपाकघरातून जळका वास आला. वरण बुडाला लागलं होतं. उठून गॅस बंद करायला दहा पावलं होती, पण मी काविळीचं सांगत होतो, अन् तिला ते आठवत नव्हतं.

लागू दिलं.